पायथ्याशी आलेली देवी आणि मध्यमवयाचे बळ

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने विशीत उचलले तेवढेच वजन उचलण्याचा आग्रह धरावा, की वयाचा मान राखून ते कमी करावे, आणि कमी केल्यास त्याने स्वतःला दिलेला शब्द मोडला असे समजावे काय, हा प्रश्न सहसा वैद्याच्या किंवा व्यायामशिक्षकाच्या दारी नेला जातो. परंतु त्याचा बराचसा भाग या दोघांच्याही कक्षेबाहेरचा आहे. कोणता स्नायू किती भार पेलेल हे शरीरशास्त्र सांगते. मात्र जे पेलवत नाही ते सोडून दिल्याने उरलेल्या साधनेचे मोल घटते की नाही, याचे उत्तर देण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. भारतीय धर्मविचाराने हा प्रश्न यज्ञ, व्रत आणि यात्रा यांच्या निमित्ताने फार पूर्वी सोडवायला घेतला आणि त्याची उत्तरे अशा बारकाईने दिली की ती आजच्या व्यायामशाळेतही लागू पडावीत. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके या विचारासाठी विशेष उपयोगी आहेत, कारण येथे चढण, ओझे, श्रम आणि देवदर्शन या चारही गोष्टी एकमेकींपासून कधी वेगळ्या झालेल्याच नाहीत.

डहाणू तालुक्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत चारोटीपासून जवळ, विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान आहे. आदिवासी समाजाची कुलस्वामिनी म्हणून पूजली जाणारी ही देवी मूळची मुसळ्या डोंगरावरची मानली जाते. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, तिची यात्रा सुरू होते आणि सुमारे पंधरा दिवस चालते. या देवीची कथा निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. तिच्या एका प्रचलित रूपात एक गरोदर आदिवासी स्त्री नित्यनेमाने डोंगर चढून दर्शनाला जात असे, दिवस भरत आले तसा तिला चढ झेपेना, एके दिवशी ती वाटेतच कोसळली, आणि तिची निष्ठा पाहून देवीनेच यापुढे वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते, असे तिला सांगितले. डोंगरावरचे स्थान मात्र त्यामुळे रद्द झाले नाही. यात्रेच्या काळात मध्यरात्री अवघड चढ चढून शिखरावर ध्वज लावला जातो आणि तो मान वाघाडी गावच्या सातवी घराण्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. एकाच देवीची दोन स्थाने, एक ज्याला चढवते त्याच्यासाठी आणि दुसरे ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यात कोणालाही काही विसंगत वाटत नाही.

महाराष्ट्राच्या धार्मिक भूगोलात ही कथा एकटी नाही. जेजुरीचा खंडोबा कडेपठारावरून खालच्या गडावर आला तो थकलेल्या भक्तासाठी, असे सांगतात. वणीच्या सप्तशृंगीची वारी वार्धक्यामुळे खुंटलेल्या एका पुणेकर सावकारासाठी देवी चतुःशृंगीच्या टेकडीवर प्रकटली, अशी पुण्यात श्रद्धा आहे. विवळवेढ्याच्या कथेचे वेगळेपण असे की तिच्यातील भक्त म्हातारी नाही. तिचे शरीर खचलेले नसून बदललेले आहे, आयुष्याच्या एका टप्प्यावर त्याच्याकडे दुसरे काम आले आहे, आणि म्हणून तिची गोष्ट वार्धक्यापेक्षा मध्यमवयाला अधिक जवळची आहे. शिवाय या सर्व कथांत एक तपशील असा आहे की ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही: देव खाली उतरतो, पण भक्ताच्या घरात येऊन बसत नाही. विवळवेढ्याची देवी पायथ्याशी आली. त्या बाईला आपल्या पाड्यापासून पायथ्यापर्यंत चालावे लागलेच. चढ वगळला गेला, चालणे वगळले गेले नाही. व्रतातले काय गळू शकते आणि काय गळू शकत नाही, हा भेद या कथेने एका ओळीत केला आहे, आणि मध्यमवयीन शरीराच्या बाबतीत नेमका हाच भेद करता न आल्यामुळे माणसे एकतर स्वतःला मोडून घेतात किंवा साधनाच सोडून देतात.

हा भेद शास्त्रीय परिभाषेत मांडण्याचे काम पूर्वमीमांसेने केले. वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे हे दर्शन असून जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य हा त्याचा पाया आहे. मीमांसक कर्माचे मुख्यतः तीन प्रकार मानतात: नित्य, म्हणजे रोज किंवा ठरलेल्या काळी करावयाचेच, जसे सकाळ-संध्याकाळचे अग्निहोत्र, नैमित्तिक, म्हणजे काही निमित्त घडल्यास करावयाचे, आणि काम्य, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने करावयाचे. प्रत्येक कर्मात एक 'प्रधान' असते, म्हणजे ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला ती मूळ क्रिया, आणि त्याभोवती अनेक 'अंगे' असतात, म्हणजे त्या क्रियेला साहाय्य करणारे लहानमोठे विधी. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रश्न उपस्थित होतो की एखाद्याला सगळी अंगे करण्याची शक्ती नसेल तर त्याने कर्म करावे की नाही. उत्तर दुहेरी आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह करता येत असेल तरच करावे, कारण फळ हवे असेल तर साधन पूर्ण असले पाहिजे. नित्य कर्म मात्र जेवढी अंगे शक्य असतील तेवढ्यांसह करावे, कारण ते आयुष्यभर करावयाचे आहे आणि आयुष्यभर माणसाची शक्ती सारखी राहत नाही, हे विधीलाच अभिप्रेत आहे. अंगे गळली तरी प्रधान घडले म्हणजे नित्य कर्म घडले.

तरुणपणीचा बलव्यायाम बहुतेकांच्या बाबतीत काम्य असतो. बलव्यायाम म्हणजे स्नायूंना प्रतिकाराविरुद्ध काम करायला लावून त्यांचे बळ वाढविणारा व्यायाम, मग तो प्रतिकार लोखंडी वजनाचा असो, मुद्गलाचा असो किंवा जोर-बैठकांतल्याप्रमाणे स्वतःच्या शरीराचा असो. विशी-पंचविशीत त्यामागे कुस्तीचा फड, पोलीसभरती, कबड्डीचा संघ किंवा आरशातले रूप असे निश्चित फळ असते, आणि अशा फळासाठी केलेल्या व्यायामात कसर राहिली तर फळही राहून जाते. भरतीच्या मैदानावर धावण्याची ठरलेली वेळ गाठता आली नाही तर निष्ठेचे गुण मिळत नाहीत. चाळिशीनंतर तोच व्यायाम, कर्त्याच्या लक्षात येवो वा न येवो, नित्य कर्मात मोडू लागतो. त्याचे फळ आता वेगळे असे दिसत नाही. तो केल्याने काही मिळाले असे वाटत नाही, पण न केल्याने बरेच जाते. मीमांसक नित्य कर्म न केल्याने लागणाऱ्या दोषाला 'प्रत्यवाय' म्हणतात, आणि मध्यमवयीन स्नायूंचा प्रत्यवाय आज मोजता येतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते, पुढे ही घट वेग घेते, आणि बळ तर वस्तुमानाहूनही लवकर ओसरते. वयपरत्वे होणाऱ्या या ऱ्हासाला अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात, आणि पावसाळ्यात शेताच्या निसरड्या बांधावर पाय घसरला असता शरीर सावरून धरायचे असते ते मुख्यतः याच तंतूंनी.

मध्यमवयाच्या साधकाचे बहुतेक क्लेश काम्य कर्माचा नियम नित्य कर्माला लावल्यामुळे उत्पन्न होतात. पन्नास बैठका होत नाहीत म्हणून पंचवीसही न घालणारा, किंवा खांदा दुखत असताना पूर्वीच्या आकड्याचा हट्ट धरून सहा महिन्यांची दुखापत ओढवून घेणारा, हे दोघे वरवर एकमेकांच्या विरुद्ध टोकांना दिसले तरी दोघांची समजूत एकच असते, ती अशी की अंगे गेली म्हणजे प्रधान गेले. वास्तविक आकडा, दांड्यावरचे वजन, बैठकीची खोली, व्यायामाची वेळ, बरोबरीच्यांशी तुलना ही सारी अंगे आहेत. प्रधान एवढेच की स्नायूला त्याच्या सध्याच्या सवयीपेक्षा थोडे अधिक काम पडावे, आणि ते नियमाने पडत राहावे.

मीमांसेने यापुढे जाऊन प्रतिनिधीचा, म्हणजे मूळ द्रव्याऐवजी दुसरे वापरण्याचा, विचार केला आहे. दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला करावयाच्या, यागात तांदूळ मिळाला नाही तर त्याच्याशी साम्य असलेला नीवार, ज्याला मराठीत देवभात म्हणतात, तो वापरावा. याग थांबवू नये. मात्र प्रतिनिधी मूळ द्रव्याच्या जातीचा असला पाहिजे, हाताला लागेल ते कोणतेही धान्य चालत नाही. व्यायामात याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याच्या गुडघ्याला खोल बैठक सोसत नाही त्याने खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. ते सोपे झाले की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून तेच करावे. जमिनीवरचे जोर झेपत नसतील त्याने ओट्याला किंवा भिंतीला हात टेकवून जोर काढावेत. बैठकीचा प्रतिनिधी बैठकीच्याच जातीचा आहे, कारण मांडीच्या आणि नितंबाच्या त्याच स्नायूंना तो काम देतो. संध्याकाळी डहाणूच्या समुद्रकिनाऱ्यावर रमतगमत मारलेली फेरी मन प्रसन्न करते, हृदयालाही उपकारक ठरते, पण ती बैठकीची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम शारीरिक हालचाल आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम असे दोन स्वतंत्र विधी सांगितले आहेत, ते याच कारणाने. आणि सूत्रकाराने प्रतिनिधीला एक कठोर मर्यादा घातली आहे: यजमानाला, म्हणजे ज्याच्यासाठी कर्म आहे त्या माणसाला, प्रतिनिधी नसतो.

एवढ्यावर विचार थांबला तर पळवाटेचा धोका राहतो, आणि धर्मशास्त्रकारांना तो ठाऊक होता. मुख्य विधीला ते 'प्रथमकल्प' किंवा 'मुख्यकल्प' म्हणतात आणि अशक्त, रोगी, वृद्ध किंवा संकटात सापडलेल्यासाठी सांगितलेल्या गौण विधीला 'अनुकल्प'. एकादशीला निराहार झेपत नसेल त्याने फळे, दूध घ्यावे, हा अनुकल्प घरोघरी पाळला जातो. परंतु मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात बजावले आहे की मुख्य कल्प करण्याची शक्ती असूनही जो अनुकल्पावर भागवतो त्याला परलोकी त्याचे फळ मिळत नाही. त्या ग्रंथातील अनेक गोष्टी आज त्याज्य आहेत आणि त्या त्याज्य म्हणूनच वाचल्या पाहिजेत. हे एक वचन मात्र मानवी स्वभाव नीट ओळखणारे आहे. मध्यमवयीन माणसाला वयाची सबब आयती मिळते, आणि तिच्यातला खरा भाग किती व सोयीचा भाग किती हे दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. म्हणून मात्रेची खूण शरीरातच शोधावी लागते.

आयुर्वेदाने ती खूण दिली आहे. चरकाने मध्यम वय साठ वर्षांपर्यंत धरले. सुश्रुताने ते सत्तरपर्यंत नेऊन असे निरीक्षण नोंदविले की चाळिशीपर्यंत शरीर संपूर्णतेला पोचते आणि तेथून सत्तरीपर्यंत त्याची थोडी थोडी हानी होत जाते. व्यायामाचे प्रमाण सांगताना वय, बल, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून तो करावा असे सुश्रुत सांगतो आणि त्याचे माप म्हणून 'बलार्ध', म्हणजे आपल्या शक्तीचा अर्धा भाग, ठरवून देतो. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला, कपाळावर, नाकावर आणि सांध्यांच्या ठिकाणी घाम आला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. चरकाने अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची यादी दिली असून मात्रा न जाणता सहसा बळ लावणाऱ्याचा नाश हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा होतो, असा इशारा दिला आहे. येथे श्रम बाहेरच्या आकड्याने न मोजता कर्त्याच्या स्वतःच्या बळाच्या प्रमाणात मोजलेला आहे, हे महत्त्वाचे. विसाव्या शतकात स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रमाची जाणीव सहा ते वीस या आकड्यांत सांगण्याची श्रेणी तयार केली, तिच्यामागील कल्पना हीच होती. आज बलव्यायामाचे शिक्षक मध्यमवयीन शिष्याला दोन-तीन उचल शिल्लक राहतील तेथे थांबायला सांगतात तीही याच कुळातली. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश तयार होतात आणि वयाबरोबर त्यांची लवचिकता घटते, त्यामुळे स्नायू 'आणखी' म्हणत असताना कंडरेसाठी थांबणे हा मध्यमवयातला खरा संयम ठरतो. दोन कठीण दिवसांमध्ये विश्रांतीचा अवधी वाढविणे, सुरुवातीला अंग अधिक वेळ मोकळे करणे आणि भार लहान टप्प्यांनी वाढविणे हे त्याच संयमाचे तपशील आहेत.

परंतु एका बाबतीत जुन्या वैद्यकाला दुरुस्ती लागते. अष्टांगहृदयाने बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला यांना व्यायाम वर्ज्य सांगितला. वृद्धाविषयीचा हा निषेध आजच्या ज्ञानाला धरून नाही. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांचा तीव्र बलव्यायाम दिला असता व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. अभ्यास लहान होता, पण नंतरच्या अनेक मोठ्या अभ्यासांनी त्याची दिशा खरी ठरविली. नव्वदीत जे शक्य आहे ते पन्नाशीत अशक्य मानून बसणे हे मग नम्रतेचे लक्षण राहत नाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचा येथे थेट उपयोग होतो. मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देत केलेले तप तामस. सत्कार, मान आणि दिखाव्यासाठी केलेले राजस, आणि ते चंचल व अस्थिर असते असेही तेथे म्हटले आहे. फळाची आस न धरता श्रद्धेने केलेले सात्त्विक. शरीरातील भूतसमुदायाला आणि त्यात वसणाऱ्या ईश्वरालाही कष्टविणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे, म्हणजे दुखऱ्या सांध्यावर भार लादण्यात गीतेला धर्म दिसत नाही. राजस तपाच्या अस्थिरतेचे निरीक्षण विशेष मार्मिक आहे: इतरांनी पाहावे म्हणून आरंभलेला व्यायाम पाहणारे संपले की संपतो, आणि मध्यमवयात पाहणारे कमी होत जातात. महाराष्ट्रात याचे एक उलटे, आशादायक उदाहरण औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या या राजाने आधी युजेन सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीने सामग्रीसह व्यायाम केला आणि पुढे चाळिशीच्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळून ते अखेरपर्यंत चालविले. साधन बदलले, प्रधान टिकले, आणि जे फळासाठी होते ते उपासनेत मिसळले. सूर्यनमस्कार ही पूजा की कसरत, असा वाद त्यांच्या काळी झाला आणि आजही होतो. नित्य कर्माच्या दृष्टीने पाहिले तर या दोहोंतली भिंत तेवढी जाड राहत नाही.

शरीराला साधनेचा अडसर मानण्याची वृत्ती भारतीय परंपरेत प्रबळ आहे, हे नाकारता येणार नाही, आणि म्हणून डहाणूच्या किनाऱ्यावर शतकानुशतके वावरलेल्या झरथुष्ट्री धर्माची भूमिका येथे मोलाची ठरते. बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरातील गुहांत पारशांनी संजाणच्या पाडावानंतर आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या पुढे इराणी आणि पारशी बागाईतदारांनी वाढविल्या. या धर्मात उपवासाला पुण्य मानलेले नाही. वेंदिदाद या ग्रंथात उलट असे सांगितले आहे की जो खात नाही त्याच्या अंगी ना धर्मकृत्याचे बळ राहते, ना शेतीचे. शरीर हे सत्प्रवृत्तीच्या लढाईतील शिपाई आहे आणि शिपायाला दुबळे ठेवणे हे शत्रूचे काम, असा या विचाराचा आशय आहे. मध्यमवयात ज्यांच्या धर्माचरणाचा भर केवळ उपवासांवर पडतो, आणि महाराष्ट्रात अशा स्त्रियांची संख्या मोठी आहे, त्यांनी ही शेजारधर्माची शिकवण ऐकण्यासारखी आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटल्याने हाडांची झीज वेग घेते. अशा काळात आठवड्यातले दोन-तीन दिवस साबुदाण्यावर काढून अंगातले स्नायूही गमावणे हे कोणत्याही देवीला प्रिय असेल असे मानण्यास आधार नाही.

आतापर्यंतचे विवेचन ज्याचे शरीर बैठ्या कामाने शिथिल झाले आहे त्याला उद्देशून आहे. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या येऊ लागल्या आणि तासन्‌तास प्रवास करून दिवसभर खुर्चीवर बसणारा वर्ग येथेही वाढला. त्याला प्रधान आणि अंग यांचा भेद पुरेसा आहे. परंतु तलासरीत आणि डहाणूच्या पूर्व भागात बहुसंख्य असलेल्या वारली आणि अन्य आदिवासी समाजाच्या बाबतीत प्रश्न मुळातून बदलतो. ज्या बाईने सकाळी विहिरीवरून पाणी आणले, दुपारभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी केली आणि उन्हाळ्यात डोक्यावर चुंबळ ठेवून जळणाची मोळी रानातून घरी वाहिली, तिला पंचेचाळिसाव्या वर्षी बलव्यायाम करा असे सांगणे वरकरणी क्रूर वाटते. तिने आयुष्यभर वजन उचललेलेच आहे. तरीही तिचे गुडघे आणि कंबर दुखू लागतात. याचे कारण ओझ्याच्या वजनापेक्षा ओझ्याच्या धर्मात शोधले पाहिजे.

या भूमीला त्या धर्माचा कडू इतिहास आहे. जमीनदार आणि जंगल ठेकेदार आदिवासींकडून बिनमोल, सक्तीचे श्रम करून घेत, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराचे लग्नगडी होऊन राबत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वारली हजारोंच्या संख्येने जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या, पुण्यात वाढलेल्या होत्या, आणि त्यांनी डहाणू-उंबरगावच्या रानातले पाडे पायी तुडविले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या ग्रंथात त्या दिवसांचे चित्रण आहे. वेठीचा भार आणि व्रताचा भार तराजूत सारखा भरू शकतो. पण वेठीत ओझे किती असावे, कधी उतरवावे, आज अंग दुखते म्हणून उद्या विसावावे की नाही, यांपैकी एकही निर्णय वाहणाऱ्याचा नसतो. व्रतात हे सारे निर्णय त्याचेच असतात. शरीरशास्त्राच्या भाषेत हेच सांगायचे तर भार क्रमाने वाढलेला नसेल, त्यानंतर विश्रांती नसेल, आणि झीज भरून काढणारे अन्न नसेल, तर श्रमाने बळ वाढत नाही, शरीर फक्त झिजते. त्यातही मोळी नेहमी मानेवर आणि कण्यावरच येते, आवणी नेहमी कंबर वाकवूनच होते. काही स्नायू अखंड राबतात आणि काहींना कामच पडत नाही.

वेठ कायद्याने आणि लढ्याने गेली, तरी निवडीवाचूनचे ओझे गेलेले नाही. दिवाळीनंतर येथील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या श्रमाला व्यायाम म्हणून गौरविणे, आदिवासींना काय, त्यांचे शरीर मुळातच काटक असते असे कौतुकाने म्हणणे, ही शहरी लेखनात वारंवार दिसणारी वृत्ती अज्ञानातून आलेली असली तरी अन्यायाचीच आहे. काटकपणाच्या त्या कौतुकात पंचेचाळिशीच्या बाईची दुखरी कंबर दिसत नाही.

वारली जीवनात स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या मापाने शरीर चालविण्याचे रूप आहे ते तारप्याच्या नाचात. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून केलेले तारपा हे वाद्य वाजविणारा मध्यभागी असतो, त्याच्याकडे पाठ न करता स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात आणि भाताचे पीक हाताशी आल्यावर रात्र रात्र नाचतात. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हा सर्पिल फेर कागदावर आणि कापडावर उतरवून जगभर नेला.  या फेरात शेजाऱ्याच्या कमरेचा आधार प्रत्येकाला असतो, आणि एका लयीत गुडघे वाकविण्याचे, एका पायावरून दुसऱ्यावर भार नेण्याचे, तोल सावरण्याचे काम आपोआप घडते. वृद्धापकाळी पडण्यापासून वाचण्यासाठी तोल राखण्याचे व्यायाम करावेत असे आजचे वैद्यक सांगते. त्या अंगाने या फेराकडे अजून पुरेसे पाहिले गेलेले नाही.

जैमिनीने कर्माच्या अधिकाराचा, म्हणजे कर्म करण्यास कोण पात्र याचा, विचार करताना दोन निर्णय दिले आहेत ते येथे लागू होतात. स्त्रीलाही फळाची इच्छा असते म्हणून तिलाही यज्ञाचा अधिकार आहे. आणि निर्धनालाही आहे, कारण निर्धनता ही कोणाची जन्मजात, न बदलणारी स्थिती नव्हे, धन मिळविता येते. त्याच विवेचनात शूद्रांना वैदिक अग्निकर्माचा अधिकार नाकारलेला आहे, आणि ज्या समाजाविषयी येथे लिहिले जात आहे त्याला त्या शास्त्राने दारातच उभे केले असते, हे विसरून त्याचे गोडवे गाता येणार नाहीत. पण युक्तिवाद स्वीकारायचा तर तो शेवटपर्यंत न्यावा लागतो. इच्छा आणि शरीर ज्याच्यापाशी आहे त्याला बळ राखण्याचा अधिकार आहे, आणि साधन नाही म्हणून तो अधिकार जात नाही. तलासरीच्या पाड्यावरच्या मध्यमवयीन बाईसाठी या अधिकाराचा आरंभ बैठकीने होत नाही. तो होतो दारापाशी आलेल्या नळाने, म्हणजे एका ओझ्याच्या कमी होण्याने; आठवड्यातील एका खऱ्या विसाव्याच्या दिवसाने; आणि ताटातल्या डाळीने, सुकटीने, अंड्याने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत आणि वय वाढलेल्यांसाठी अनेक तज्ज्ञ एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत जातात. पन्नास किलो वजनाच्या बाईला याचा अर्थ रोज चाळीस ते साठ ग्रॅम, आणि नुसत्या भातावर व आंबिलीवर तो आकडा गाठला जात नाही. हे झाल्यानंतर, आणि झाल्यानंतरच, तिच्या राबलेल्या कण्याला ज्याची उणीव आहे ते काम देता येते: ओझे उचलताना कंबरेतून न वाकता मांड्यांच्या बळावर उठणे, उताणे पडून नितंब वर उचलणे, खांदे मागे ओढणे, मोळी आलटूनपालटून पाठीवर आणि दोन हातांत विभागून नेणे. भार तोच राहील कदाचित, पण तो किती आणि कसा, हे ती ठरवू लागेल.